पावणेदोन इंच उंच हँडल

२०२२ साल. माझं वय अडुसष्ट. त्या वर्षी माझी बोटं मला दगा देऊ लागली.

मोटारसायकलवर नागपूरहून मौद्यापर्यंत गेलो की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट बधिर व्हायचं. खांदे भरून यायचे. मानेत कोणी खिळा ठोकून राहिल्यासारखं व्हायचं. उतरल्यावर दहा मिनिटं मूठ उघडझाप करत उभं राहायचं, आणि कोणी पाहिलंच तर हातातलं घड्याळ पाहतो असं दाखवायचं.

गाडी माझी नव्हती, पोराची होती. लांबच्या प्रवासाची, भारी, उंच, मागे पेट्या लावायला लोखंडी चौकट असलेली. तो एकदा तिच्यावर पहाडात जाऊन आला, मग त्याचं लग्न झालं, मग तो बंगळुरूला गेला आणि गाडी माझ्या अंगणात राहिली. "बाबा, आठवड्यातून एकदा चालू करून ठेवत जा," एवढंच म्हणाला होता. मी आठवड्यातून एकदा चालू केली आणि रामटेकला जाऊन आलो. पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला. मग पवनीला, मग थेट पचमढीला. चौथी शिकलेला माणूस मी. पस्तीस वर्षं कारखान्यात लोखंड कातायच्या लेथसमोर उभं राहून काढली. जायचो सायकलने, यायचो सायकलने, मधला सगळा वेळ उभा. बसून हिंडायची पाळी माझ्यावर म्हातारपणी आली होती आणि ती मी सोडणार नव्हतो.

बोटांचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोने पाहिलं, आणि तिने पोराला सांगितलं. त्याचा फोन आला.

"बाबा, गाडी विकून टाकू आता."

"काहून?"

"तुमचं वय झालं."

"माह्या वयाले काय झालं?"

"काही झालं नाही. होऊ नये म्हणून म्हणतो. मी डिसेंबरात येतो. तोवर हाताचं असंच राहिलं तर विकायची. ठरलं."

ठरलं म्हणे. माझ्या अंगणातली गोष्ट बंगळुरूत ठरली.

नागपूरच्या सदर भागात एका गल्लीत माझ्या दोस्ताचं गॅरेज आहे. मिस्त्री म्हणतात त्याला सगळे. मी लेथ शिकत होतो तेव्हा तो बाजूच्या शेडमध्ये इंजिनं खोलायला शिकत होता, तेव्हापासूनची ओळख. माझ्या लग्नात वरातीपुढे नाचून त्याने बूट फाडले होते. त्याने मला गाडीवरून येताना पाहिलं आणि लांबूनच ओरडला.

"काय बे, गाडी चालवून राहिला का दळण दळून राहिला? तुही पाठ तं पाय कशी वाकली!"

मग त्याने समजावून सांगितलं. हँडल खाली आहे म्हणून मी पुढे वाकतो. वाकतो म्हणून सगळा भार मनगटांवर येतो. हँडल जिथे नटबोल्टने धरलेलं असतं तिथे, त्याच्या खाली, दोन ठोकळे टाकायचे. हँडल वर येतं, पाठ सरळ होते, हात सुटे राहतात. लांब जाणारी पोरं सगळी हेच करतात. इंटरनेटवर त्याला रायझर म्हणतात.

"मी बोलावून घेतो तुह्यासाठी. एका इंचाचे."

"रेडिमेड? मी जित्ता असताना?"

"तूच बनव मग. पन एका इंचाच्या वर नोको जाऊ गा. एक्सिलेटरची केबल हाय, क्लचची हाय, ब्रेकची नळी हाय. सगळं कंपनीनं मोजून देल्लं हाय. हँडल वर गेलं तं केबल पुरत नाई."

"कंपनी मोजते, आन् मी पस्तीस वर्षं काय गोट्या खेळलो?"

तो हसला. तेव्हा आम्ही असंच बोलत होतो.

माप मी घरी घेतलं. अंगणात गाडी भिंतीला लावली, वर बसलो, पाठ सरळ केली आणि हात पुढे करून हवेतच धरले. हँडलपासून मुठीपर्यंतचं अंतर मोजायला बायको टेप घेऊन समोर उभी.

"हात ढिले सोडा नं," ती म्हणाली. "लग्नातल्या फोटोसारखे काहून बसले?"

"तू माप वाच."

"पावणेदोन."

तीनदा मोजलं. तिन्हीदा पावणेदोन. माझ्या हाताला पावणेदोन इंच पाहिजे होते, तर मी एक इंच काहून करावे? दुसऱ्याच्या मापाचे बूट घालून कोणी चालतं का?

जुन्या कारखान्यात गेलो. मालक आता जुन्या मालकाचा पोरगा आहे. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नको, एक दिवस लेथ पाहिजे. सगळीकडे आता कॉम्प्युटरवाल्या मशीनी. माझी लेथ मागच्या भिंतीला, तिच्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर कोणाचे तरी जेवणाचे डबे. डबे मी स्वतः उचलून खाली ठेवले. अल्युमिनियमचा गोल दांडा लावला, दोन ठोकळे कापले, मधून आरपार भोक पाडलं, धारदार काठ मारले, घासून आरशासारखे केले. संध्याकाळी दोन्ही ठोकळे एकमेकांवर ठेवून बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता. कॉम्प्युटरवाली पोरं येऊन हातात घेऊन पाहत होती. "काका, हाताने केले?" एकाने विचारलं. मी म्हटलं, नाही, पायाने केले.

आता इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, ती मला तेव्हा दिसत नव्हती. लेथवाल्या माणसाचं काम हातातल्या तुकड्यापुरतं असतं. तुकडा तळहातावर ठेवला, माप लावलं, बरोबर आला की काम संपलं. तो तुकडा कोणत्या मशीनमध्ये जाईल, तिथे तो काय ओढेल, काय दाबेल, हे पाहणारा माणूस दुसरा असतो. पस्तीस वर्षं मी त्या दुसऱ्या माणसाला पानेवाला म्हणत आलो. पाने फिरवणं म्हणजे काय काम आहे?

नोव्हेंबरात बायकोचा चष्मा करायचा होता म्हणून ती माझ्यासोबत सदरला आली. चष्मा घेतला आणि तिथूनच गॅरेजवर गेलो. ती बाकड्यावर बसली. मिस्त्रीने ठोकळे हातात घेतले, उलटसुलट पाहिले. त्याला आवडले ते मला कळलं. मग त्याने मोजपट्टी लावली.

"पावणेदोन हाय."

"हाय."

"केबल ओढली जाईन."

"लाव तं खरं."

त्याने लांब बोल्ट टाकून ठोकळे बसवले, वर हँडल ठेवलं. मी केबलवर बोट दाबून दाखवलं. "पाय, ढिली हाय. कुठं ओढली?"

"सरळ उभ्या गाडीत ढिलीच राहीन नं. गाडी सरळ उभी ठेवाले घेतली का? इंजिन चालू कर, आन् हँडल दोन्ही बाजूले पुरं घुमव."

गॅरेजमध्ये तेव्हा दोन गिऱ्हाईकं उभी होती. दोघंही पोरगेले, तेही माझ्याकडे पाहत होते. मला ते लागलं. माझ्या कामाची परीक्षा, तीही लोकांसमोर.

"माप माह्यावर सोड," मी म्हटलं. "तू पाना फिरव."

त्याने पाना खाली ठेवला. "लंबी केबल मांगवतो. आठ दिवस थांब."

"मले उद्या कुहीले जायचं हाय."

त्याने पाना उचलला. बोल्ट कसले, हात पुसले आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. हँडल पूर्ण वळवून मी पाहिलंच नाही. त्याने सांगितलं म्हणूनच पाहिलं नाही.

कुहीला माझा साळा असतो. धान निघाला होता, नवे तांदूळ घेऊन जा म्हणून त्याचा सारखा फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, बायको मागे. खरं सांगतो, नागपूर सोडलं आणि मला हसू यायला लागलं. पाठ सरळ, खांदे मोकळे, बोटं जिवंत. उमरेडचा रस्ता मागे पडला, कुहीकडे वळलो, तरी करंगळी शाबूत. बायको मागून म्हणाली, "आज लय गुणगुणून राहिले." मनात म्हटलं, डिसेंबरात ये बेट्या, पाहतो कशी विकतो ते.

साळ्याच्या घराची गल्ली डाव्या हाताला, अरुंद, तोंडाशीच नालीवर फरशी. मी गाडी हळू केली आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. आणि इंजिन आपोआप किंचाळलं. माझी मूठ होती तशीच होती, मी तिळभर पिळली नव्हती. गाडीने उडी मारली. समोर भिंत. मी ब्रेक दाबायला गेलो तोवर आम्ही फरशीवर आडवे झालो होतो, आणि गाडी पडल्या पडल्या ओरडतच होती, कारण हँडल अजूनही डावीकडेच वळलेलं होतं आणि एक्सिलेटरची केबल ओढलेलीच होती.

माझा गुडघा सोलला. बायकोचं मनगट मोडलं. दोन हाडं. तिने पडताना तोच हात टेकला होता. ती ओरडली नाही. हात मांडीवर घेऊन बसली आणि त्याच्याकडे अशी पाहत राहिली, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा आहे.

साळ्याने जीप काढली. दवाखाना, हाडाचा फोटो, प्लास्टर. दुपारी पोराचा फोन. ठोकळे करून हँडल उंच करतो हे मी त्याला आधीच मिरवून सांगितलं होतं.

"कसं झालं हे?"

"गाडी आपोआप पळाली."

"आपोआप कशी पळेल? हँडल कोणी बसवलं?"

इथे मला सगळं सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता तेही मला ऐकू येत होतं. म्हातारा झाला, ऐकत नाही, डोकं चालत नाही, विका गाडी.

"मिस्त्रीनं बसवलं," मी म्हटलं.

दोन शब्द. त्यात एकही खोटा नाही.

"आणि ठोकळे?"

"ठोकळे बरोबर हायेत. तुले पाठवू का फोटो? केसाचा फरक नाई."

"म्हणजे फिटिंग चुकलं."

मी गप्प राहिलो. गप्प राहणं हेही बोलणंच असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

"बरं," तो म्हणाला. "गाडीचा दोष नाही, तुमचाही नाही. दुसरा कोणी चांगला मेकॅनिक पाहा. सध्या विकायचं राहू द्या."

मला पाहिजे होतं ते मिळालं. माझ्या समोर खाटेवर बायको प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पडली होती. तिने डोळे मिटले होते, पण ती झोपली नव्हती.

पोराने मिस्त्रीला फोन करून काय काय म्हटलं ते मला नंतर कळलं. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळता का, लाज वाटत नाही का, असं बरंच. तेवढ्यावर थांबला नाही. मोबाइलच्या नकाशावर दुकानाचं पान असतं म्हणे, तिथे त्याने आईच्या प्लास्टरचा फोटो टाकला, एक तारा दिला आणि लिहिलं की इथे गाडी दाखवू नका. बायकोला त्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात काहीच नव्हतं, पेपर वाचून दाखवावा तसं.

माणूस आयुष्यभर एका गल्लीत बसून नाव कमावतो. ते पुसायला बंगळुरूतला एक अंगठा पुरतो. पण तो अंगठा हलला माझ्या दोन शब्दांनी, हे मला टाळता येत नव्हतं. मी ते दहा-बारा दिवस टाळलं.

मग एक दिवस दुपारी मिस्त्री गाडी घेऊन आला. कुहीहून ती त्यानेच टेम्पोत टाकून आणवली होती. साळ्याने त्यालाच फोन केला होता, साळ्याला काय माहीत. गाडी धुतलेली, वाकलेलं पायदान सरळ केलेलं. तो आत आला, बायकोसमोर खुर्चीवर बसला.

"कसं हाय वैनी?"

"बरं हाय भाऊजी. खाज सुटते नुसती."

"सुटनच. खाजवाले पट्टी घालू नोका आत."

मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "गाडी झाली. लंबी केबल टाकली. ठोकळे तुमचेच ठेवले, चांगले झाले हायेत."

तुमचेच. आमची दोस्ती झाल्यापासून हा माणूस मला बे म्हणत आला होता.

"पोराचा फोन आलता म्हने," मी म्हटलं.

"आलता."

"तू सांगतलं नाई त्याले?"

"मी काय सांगू? त्याच्या आईचा हात मोडला, तो बोलनच. त्याच्या बापानं सांगतलं ते त्यानं ऐकलं." त्याने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी केबल काढली आणि टेबलावर ठेवली, गिऱ्हाइकाला जुना पार्ट परत देतात तशी. "यापुढं गाडी दुसरीकडं दाखवत जा."

पाण्याचा ग्लास तसाच ठेवून गेला. त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही. आजवर नाही.

दार लावून मी वळलो तर बायको माझ्याकडेच पाहत होती.

"मी त्या दिवशी बाकड्यावरच बसली होती," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाई. चष्मा डोयाले लागला हाय मले, कानाले नाई."

"मग पोराले काहून नाई सांगतलं तू?"

"तोंड तुमचं हाय नं. हात तेवढा माहा मोडला."

एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून पडली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी पोराला फोन लावला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेला माणूस बायकोच्या पाठीकडे पाहत किती वेळ बसणार? सगळं सांगितलं. मिस्त्री एक इंच म्हणाला होता, मी पावणेदोन केले. केबल कमी पडेल म्हणाला होता, हँडल घुमवून पाहा म्हणाला होता, मी नाही पाहिलं. चूक माझी.

पलीकडे पोरगा हसला.

"बाबा, तो येऊन रडला का तुमच्याजवळ?"

"रडला नाई. मी खरं सांगून राहिलो."

"तुमचा दोस्त आहे, कळतं मला. पण तुमचं माप चुकलं यावर मी कसा विश्वास ठेवू? सातवीत असताना माझ्या भूमितीच्या वहीतली रेघ जराशी वाकडी होती, तर तुम्ही पान फाडलं होतं. तुम्ही आणि चूक? राहू द्या. तुम्ही मोठ्या मनाचे आहात, मी नाही."

त्याने फोन ठेवला. फोन स्पीकरवर होता.

"घ्या," बायको भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "मोठ्या मनाचे."

पोरगा खोटं बोलत नव्हता. ते पान मी फाडलं होतं. माझं चुकत नाही हे त्याला मीच शिकवलं, इतकं पक्कं शिकवलं की आता मी स्वतः सांगितलं तरी त्याला पटेना. पस्तीस वर्षांच्या कामात एवढं घट्ट मी काही बसवलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर मी अंगणात गाडीजवळ बसलो. वर्तमानपत्रातली जुनी केबल काढली आणि मिस्त्रीने टाकलेली नवी काढून तिच्या जागी जुनी लावायला घेतली. मला वाटलं होतं पंधरा मिनिटांचं काम. दोन घंटे लागले. टाकी उचलावी लागली. केबल कुठून कशी वळवली आहे, कुठे चिमटीत धरली आहे, कुठे तिला मुद्दाम ढील सोडली आहे, हे मी बोटांनी चाचपत शिकत होतो. एक बारीक स्क्रू दोनदा पडला, दोनदा अंगणात रांगून शोधला. शेजारचे दात घासत पाहत होते. आज मी घड्याळ पाहिलं नाही.

झाल्यावर बायकोला हाक मारली. म्हटलं, चांगल्या हाताने फोन धर आणि पोराला व्हिडिओवर घे. ती काही न विचारता उठून आली.

पोरगा टाय बांधत होता. "काय झालं बाबा, इतक्या सकाळी?"

"ही जुनी केबल हाय. ठोकळे माहे हायेत. फिटिंग आत्ता मी केलं, मिस्त्रीनं नाई. आता पाय."

गाडी उभ्या स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये चालू केली. इंजिन शांत होतं. मी दोन्ही हात वर करून त्याला दाखवले, मग तळहाताने नुसतं ढकलत हँडल डावीकडे नेलं. एक्सिलेटरला हात नाही. पूर्ण वळायला चार बोटं राहिली आणि इंजिन किंचाळलं. पूर्ण गल्लीत आवाज. बायको दचकून मागे सरली, पण फोन तिने हलू दिला नाही.

"ऐकलं?" मी ओरडून विचारलं.

त्याचे हात टायवरच थांबले होते. "ऐकलं."

"त्याले फोन लाव. आन् ते जे लिवलं हाय ते पूस."

"लावतो." मग टाय सैल करत, "बाबा, मग गाडी..."

"विकून टाक," मी म्हटलं.

हँडल सरळ केलं, इंजिन बसलं, किल्ली फिरवली. बायकोने फोन बंद केला आणि एका हाताने चहा ठेवायला आत गेली. ती केबल तशी ठेवून गाडी कोणाला देणं बरोबर नव्हतं. मी पाना घेतला, टाकी पुन्हा उचलली आणि नवी केबल परत टाकायला बसलो.